पपनस आणि ग्रेपफ्रूट

गणेशचतुर्थीस गोमंतकांतील घरोघरीं देवापुढच्या माटोळीला जें मोठें हिरवट-पिवळें फळ टांगतात, तें पपनस श्रोत्यांच्या ओळखीचें आहेच. शहरांतल्या फळवाल्याकडे त्याहून लहान, आंतून लालसर असें दुसरें एक फळ कधीं कधीं मिळतें. तें ग्रेपफ्रूट, पपनसाचें तें अपत्य होय. अठराव्या शतकांत वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर पपनस व गोड संत्रें यांचा आपोआप संकर होऊन तें जन्मास आलें. ग्रिफिथ ह्यूज या पाद्र्याच्या १७५० सालच्या ग्रंथांत त्याचें नांव ‘निषिद्ध फळ’ असें आहे. पुढें त्याच्या नांवांत द्राक्ष शिरलें तें केवळ फळें घोसानें लागतात म्हणून. चवींत द्राक्षाचा मागमूसहि नाहीं.

शंभर ग्रॅम ग्रेपफ्रूटांत सुमारें ९० ग्रॅम पाणी, ३० ते ४० कॅलरी व ३० ते ३५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असतें. पपनसांत हें जीवनसत्त्व जवळजवळ दुप्पट! नवलाईच्या फळामागें धांवणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. तें उष्णतेनें नाश पावतें, म्हणून फळ कच्चेंच खावें.

कडवटपणा मुख्यतः पांढऱ्या सालींत व पाकळीवरील पापुद्र्यांत असतो. तो सोलून गर मोकळा करावा आणि चिमूटभर मीठ लावावें. कडूपणा दाबण्यास मीठ साखरेहून सरस. अमेरिकेंत अर्धें फळ साखर भुरभुरून न्याहारीस खातात, पण आपल्या कोशिंबिरीची सर त्यास नाहीं. मोकळ्या गरांत खोबरें, भाजलेल्या दाण्यांचें कूट, हिरवी मिरची, मीठ व किंचित् साखर घालून वर थंड केलेली मोहरीची फोडणी द्यावी. सयाममध्येंहि पपनसाशीं खोबरें, दाणे व मिरची यांचीच सांगड घालतात.

परंतु घरांत कोणी वडीलधारें माणूस रोज गोळ्या घेत असेल, तर वाढण्यापूर्वीं एक गोष्ट माहीत हवी. कॅनडांतील लंडन या शहरीं डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी फेलोडिपीन या रक्तदाबावरील औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हें तपाशीत होते. मद्याची चव झांकण्यासाठीं त्यांनीं ग्रेपफ्रूटचा रस घेतला, आणि रक्तांत औषध अपेक्षेहून फारच अधिक आढळलें. १९९१ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, हा प्रताप रसाचाच. आंतड्याच्या अस्तरांतील एक विकर अशा औषधांचा बराच भाग रक्तांत जाण्यापूर्वींच मोडून टाकतें. या फळांतील कांहीं द्रव्यें तें विकरच निकामी करतात, आणि नेहमींचीच गोळी जणूं मोठ्या मात्रेची ठरते. नवें विकर तयार होण्यास एक ते तीन दिवस लागतात. म्हणून फळ सकाळीं व गोळी रात्रीं, ही युक्ति फसते. एक फळ किंवा पेलाभर रसहि पुरतो. कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन हें अशांपैकींच. त्याचें प्रमाण वाढल्यास स्नायूंना इजा होऊं शकते. पपनसांतहि हीं द्रव्यें असतात.

सर्वच गोळ्यांना ही बाधा नाहीं. गोळीचें नांव सांगून डॉक्टरांस विचारावें. फळासाठीं गोळी मात्र मनानें बंद करूं नये. बेली यांच्या प्रयोगांत संत्र्याच्या रसानें असें कांहीं घडलें नाहीं, आणि वरील कोशिंबीर संत्र्याचीहि चांगली होते.