सकाळचे कॉलेज
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमपुढे उभे राहून आमचे आयुष्य गेले. कॉलेजची पायरी चढलो ती पोरीची फी भरायला. तरी समितीने दोन शब्द बोला म्हटले, तर एका कॉलेजाची हकीगत सांगतो. ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यात नाही, मुंबईला आहे. पण त्याचे काम आपल्या विहाराशी आहे, ते शेवटी सांगू.

८ जुलै १९४५ ला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी, २० जून १९४६ ला, सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. कुठे? मरीन लाइन्सला, लष्कराच्या जुन्या बराकीत. इमारतीसाठी वाट पाहिली नाही. फोर्टातले आनंद भवन आणि बुद्ध भवन नंतर आले. आपल्याकडे आधी कमान उभी राहते, मग पेंडॉल, मग वर्गणीचा हिशोब, आणि पुस्तके राहूनच जातात. असो.

त्या कॉलेजची खरी गंमत इमारतीत नव्हती, वेळेत होती. वर्ग सकाळी भरत. सकाळी शिका आणि मग कामावर जा, असा हिशोब. फोर्ट म्हणजे कचेऱ्यांचा भाग. तास संपला की कारकून, शिपाई, हमाल पायीच कामावर पोचू शकतो. ज्याच्या पगारावर घरची चूल पेटते त्याला नोकरी सोडून शीक म्हणणे म्हणजे शिकू नको म्हणणेच होय. हे बाबासाहेबांना कोणी सांगायची गरज नव्हती. परळच्या चाळीत एका खोलीत सगळे घर होते. रामजीबाबा रात्री दोन वाजता पोराला उठवीत आणि अभ्यासाला बसवीत. दिवसा जागा नव्हती, म्हणून रात्रीतून वेळ काढला.

आणि एक गोष्ट आम्हा कामगारांनी विसरू नये. त्याच १९४६ साली कारखान्यांचा कायदा दुरुस्त झाला. बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास होते, ते ४८ झाले. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री बाबासाहेबच होते. एका हाताने कामाचे तास कमी केले, दुसऱ्या हाताने सकाळचे कॉलेज काढले. आम्हाला तर ही दोन्ही कामे एकच दिसतात.

काही लोकांना वाटते, ते कॉलेज फक्त आपल्या लोकांसाठी होते. नाही. दार सर्वांना उघडे होते, सर्व जाती-धर्माची मुले-मुली आली. पहिले प्राचार्य अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर, संस्कृतचे मोठे पंडित, जन्माने ब्राह्मण. पदार्थविज्ञान शिकवायला मधु दंडवते होते. तेच पुढे १९७७ ला रेल्वेमंत्री झाले. जात पाहून माणूस दूर ठेवण्याचा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांनी माणसे नेमताना विद्या पाहिली. ग्रंथालयाला तर बाबासाहेबांनी स्वतःची पुस्तके दिली. पुढे १९५० ला औरंगाबादचे मिलिंद, १९५३ ला मुंबईत सिद्धार्थचे कॉमर्स, १९५६ ला लॉ कॉलेज झाले. १९५६ साल आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता आपल्या विहाराचे. मागच्या खोलीत अभ्यासिका आहे, दोन कपाटे पुस्तके आहेत. ती उघडते दुपारी बारा ते पाच. बारा ते पाच कोण येते? पोट्टे शाळेत, नाही तर कामावर. आमच्या शेजारचा एक मुलगा किराणा दुकानात कामाला आहे, रात्री साडेआठला सुटतो. तो स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरून बसला आहे. कुलूप पाहून तो बसस्टँडच्या दिव्याखाली वाचतो. एका मोलकरीण मायची मुलगी पहाटे अभ्यास करू म्हणते, तर विहार वंदनेलाच उघडते. लग्नाच्या दिवसांत तर खोलीत मांडवाचे सामान ठेवले जाते आणि आठ-आठ दिवस पोरांना आत जाता येत नाही. आम्हीही समितीत होतो, आम्हीही तेव्हा बोललो नाही. दोष आमचाही आहे.

आमचे मागणे मोठे नाही. पहाटे पाच ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा खोली उघडी ठेवा. मांडवाचे सामान दुसरीकडे न्या. आमच्या घरामागे पत्र्याची पडवी रिकामी आहे, तिथे ठेवा, भाडे नको. मुलींसाठी पहाटे कोणी बाई माणूस बसायला हवे, ते महिला मंडळाने ठरवावे. विजेचे बिल वाढेल, ते दरमहा वर्गणीत धरू. आणि किल्ली आमच्याकडे द्या. तीस वर्षे पाळ्या केल्या, पहाटे साडेचारला डोळा आपोआप उघडतो.

जयभीम.