आपले ताट, आपली प्रकृती
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला ‘सकस आहार’ हा विषय दिला आहे. दूध प्या, अंडी खा, पालेभाज्या खा, असे भाषण आपण दर आरोग्य सप्ताहात ऐकत आला आहात. त्यात खोटे काही नाही. परंतु एकाला मानवणारे अन्न दुसऱ्याला बाधू शकते, ही गोष्ट त्या भाषणात सहसा येत नाही. मलाही ती फार उशिरा कळली, आणि त्याची किंमत माझ्याच एका रोगी मुलीने मोजली. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ही मुलगी दहा वर्षांची असताना कोकणातील गावाहून शहरात आली. वडील परदेशी नोकरीला, घरी आई आणि दादी. दोन वर्षांत ती पार कोमेजली. चेहरा पांढरा, पोट फुगलेले, तोंडात वारंवार फोड, उंची जवळजवळ थांबलेली. वर्गात झोपते अशी शाळेची तक्रार होती. घरात दादी म्हणायची, पोरगी आळशी आहे. सातवीत ती दोन विषयांत मागे पडली, तेव्हा वडिलांचा फोन आला की पुढच्या वर्षी हिला घरी बसवा, शिक्षण हिच्या डोक्याला झेपत नाही. मी काय केले? दीड वर्ष तिला लोहाचे औषध आणि जंतांच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन वाढेना, तेव्हा ‘औषध नियमित देत नाही’ म्हणून तिच्या आईला चार शब्द सुनावले. बिचारी खाली मान घालून ऐकत राहिली.

शेवटी मी तिला मुंबईला एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठविले. त्यांनी आईला एकच प्रश्न विचारला, जो मी कधी विचारला नव्हता. ‘हिची तब्येत वर्षात कधी सुधारते का?’ आई म्हणाली, ‘दर मे महिन्यात सुधारते. गावची हवा मानवते तिला.’ हवा कसली! गावी नानीच्या घरी तांदळाची आणि नाचणीची भाकरी होती. शहरात सकाळी पाव-बिस्कीट, डब्यात चपाती आणि रात्री पुन्हा चपाती. बाईंनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करवली, मग दुर्बिणीतून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला, आणि निदान केले ‘सिलियाक’. गहू, सातू आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन अशा माणसाच्या शरीराला शत्रू वाटते. ते शत्रूशी लढताना आपल्याच लहान आतड्याचे अस्तर खरवडून काढते. त्या अस्तरातूनच लोह अंगी लागते. मग मी दिलेले लोह अंगी लागणार कसे?

या रोगाची उकल विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी केली, तीही एका दुष्काळातून. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला आणि लोक ट्युलिपचे कंद खाऊ लागले. इतर मुले खंगत असताना हे रोगी बालक मात्र सुधारू लागले, आणि पाव परत आल्यावर दुखणेही परत आले. डिके यांनी १९५० साली यावर आपला प्रबंध लिहिला. या रोगाला आजही औषध नाही. ग्लुटेन जन्मभर सोडणे हाच उपचार.

आता गहू सोडणे म्हणजे चपाती सोडणे, असे आपल्याला वाटते. त्या मुलीच्या आईलाही तसेच वाटले होते. पण गहू स्वयंपाकघरात अनेक वेष घेऊन वावरतो. रवा गव्हाचा, मैदा गव्हाचा, शेवया गव्हाच्या, हे तरी माहीत असते. बाजारातील डबीतला हिंग मात्र बहुधा निव्वळ हिंग नसतो. त्यात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. चिनी पदार्थांतील सोया सॉसमध्येही गहू येतो. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीतही तो येतो. या माउलीने तीन महिने एकेक डबी हुडकून काढली. डाळ-भात, मासे, मटण, अंडी, भाज्या, फळे यांपैकी काहीच तिला सोडावे लागले नाही. आपले कोकणी जेवण या रोग्याला फार सोयीचे आहे, फक्त आपण ते गावंढळ समजून टाकून देत चाललो आहोत.

येथे एक सूचना नीट ऐका. माझे भाषण ऐकून उद्यापासून कोणी मुलांचा गहू बंद करू नये. बहुसंख्य माणसांना गहू उत्तम मानवतो. शिवाय गहू सोडल्यानंतर तपासणी केली तर ती खोटीच चांगली येऊ शकते आणि निदान कायमचे हुकते. आधी तपासणी, मग पथ्य.

मित्रहो, ‘बाधते’ या एका शब्दाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी घालतो. पहिली, अंगातील प्रतिकारशक्तीच बिथरते ती ॲलर्जी. कोळंबी घ्या. ज्याला कोळंबीची खरी ॲलर्जी आहे, त्याला एखाद-दुसरा तुकडाही पुरतो. कितीही शिजवली तरी तो गुण जात नाही, आणि सोडे किंवा सुका जवळा यांनीही तेच होऊ शकते, कारण जवळा ही कोळंबीचीच जात. अंगावर गांधी उठून ओठ सुजले, घसा आवळू लागला, श्वास लागला, तर घरगुती उपाय करीत बसू नका. थेट दवाखाना गाठा. तेथे मांडीत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन देतात, आणि त्यात मिनिटांचा हिशेब असतो.

दुसरी गोष्ट पचनाची. पुष्कळ मुलांच्या आतड्यात लहानपणानंतर दुधातील साखर पचविणारा रस कमी होतो. जगातील निम्म्याहून अधिक प्रौढांचे असेच असते, म्हणून याला रोगही म्हणू नये. दुधाने गॅस होतो, पोट मुरडते, पण जिवाला धोका नसतो. मी एके काळी एका वसतिगृहाला भेट देत असे. तेथे रोज सकाळी पेलाभर दूध सक्तीचे होते आणि नाक मुरडणाऱ्या मुलाला शिक्षा. त्या नियमाची तारीफ करणाऱ्यांत मीही होतो. आज त्या मुलांची क्षमा मागावीशी वाटते. अशा मुलाला दही बहुधा चालते, कारण विरजणातील जंतू आपले निम्मे काम करून ठेवतात. जेवणाबरोबर थोडे दूधही पुष्कळांना चालते. आणि कॅल्शियमच हवे असेल तर शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, गाईच्या तितक्याच दुधात सुमारे एकशेवीस.

तिसरी गोष्ट म्हणजे अन्नच बिघडलेले असणे. बांगडा किंवा सुरमई उन्हात, बर्फाविना पडून राहिली की तिच्यात हिस्टामिन साठते. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, आणि माणूस जन्मभर ‘मला बांगडा चालत नाही’ म्हणत राहतो. दोष बांगड्याचा नव्हता, टोपलीचा होता.

अन्न जितके मूळ रूपात, तितके बरे, असे मी म्हणतो, तेही याच कारणाने. अखख्या धान्यात, कडधान्यात, माशात काय आहे हे डोळ्यांना दिसते. वीस घटकांच्या पाकिटातले बाधले तर चोर कोणता, हे कसे शोधणार? आपल्याकडे पाकिटावर गहू, दूध, अंडी, मासे, कोळंबीसारखे कवचधारी प्राणी, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन यांचा उल्लेख करणे नियमाने बंधनकारक आहे. अक्षरे बारीक असतात. पण आपल्या घरी शिकलेली मुले आहेत, त्यांना वाचावयास लावा.

आपला उकडा तांदूळ घ्या. हल्ली पाहुणे आले की आपण तो लपवितो. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरांच्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. त्यांना इस्पितळातील पांढरा सडीक भात मिळत होता. मग नवा स्वयंपाकी आला आणि त्याने कोंबड्यांना हा भात देण्याचे नाकारले. साधा तांदूळ मिळताच कोंबड्या चालू लागल्या! तांदळाच्या कोंड्यात जे होते ते पुढे ब-१ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले, आणि आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भात उकडून वाळविला की हे सत्त्व दाण्याच्या आत मुरते, म्हणून सडल्यावरही बरेचसे टिकते. आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण तांदूळ तिचाच बरोबर होता.

उलट बाजूही सांगतो. बाळाला शेंगदाणा जितका उशिरा द्याल तितका बरा, असे आम्ही डॉक्टरच पूर्वी सांगत होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील मोठ्या अभ्यासात उलटेच दिसले. ज्या बाळांना धोका अधिक होता, त्यांनाच पहिल्या वर्षात शेंगदाणा, अर्थात भरडून वा मऊ करून, देऊ लागल्यावर ॲलर्जी पुष्कळ कमी झाली. तेव्हा भीतीने वर्ज्य करीत सुटणे हाही उपाय नव्हे. आणि हजारो रुपये घेऊन शंभर पदार्थांची ‘आयजीजी’ यादी छापून देणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. ते प्रतिपिंड आपण तो पदार्थ खाल्ला आहे एवढेच सांगते. त्या यादीवरून दूध, अंडी, गहू, डाळ सारेच बंद केलेली आणि हाडाला कातडे चिकटलेली मुले मी पाहिली आहेत.

त्यापेक्षा एक दोन रुपयांचा कागद घ्या. चार आठवडे काय खाल्ले, किती वाजता, आणि त्यानंतर काय झाले, ते लिहा. परीक्षेची धास्ती, झोप, पाळी हेही लिहा, कारण पोट त्यांनीही बिघडते. मग तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांनी तो वाचला नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. हे मी डॉक्टर असून सांगतो आहे.

ती मुलगी शाळेत राहिली. पहिल्या सहा महिन्यांत तिचे रक्त भरले, उंचीही मग वाढली. वडिलांनी सुटीवर आल्यावर माझ्याकडे येऊन विचारले, ‘डॉक्टर, हिला ईदला शीरखुर्मा कधीच नाही का?’ मला उत्तर सुचले नाही. तिच्या नानीला सुचले. आपल्याकडे तांदळाच्या शेवया पूर्वीपासून होतात. सोऱ्या माळ्यावर होता, तो उतरवून घासला गेला. त्या वर्षी घरात सर्वांसाठी एकच पातेले चढले, वेगळी वाटी कोणाचीच नव्हती. त्यातली एक वाटी माझ्याही घरी आली.

नोंदवहीचे छापील कागद मी आणले आहेत, ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. भगिनींना प्रश्न विचारावयाचे असतील तर चिठ्ठीवर लिहून पाठवावेत, मी येथे तासभर आहे.