होक्याची सुई

शाळेच्या पुस्तकात ‘होकायंत्र’ हा शब्द असतो. आमच्या खाडीवर मात्र नुसतं ‘होका’ म्हणतात. अरबीत हुक्का म्हणजे छोटी डबी. आमच्या होक्याचं मूळ मी तिथेच मानतो. उर्दूत त्याला कुतुबनुमा म्हणतात, म्हणजे ध्रुव दाखवणारा. नाव सुरेख आहे, पण पुरतं खरं नाही. ही सुई ध्रुवाचं नव्हे, पृथ्वीच्या चुंबकाचं ऐकते आणि शेजारी दुसरा चुंबक आला तर त्याचंही ऐकते. हे मला बाराव्या वर्षी कळलं.

माझे अब्बा जयगडच्या खाडीतल्या एका मचव्याचे तांडेल होते. १९८२ च्या मे महिन्यात लाकूड भरून मुंबईला निघाले, तेव्हा शाळेला सुट्टी म्हणून मलाही बरोबर घेतलं. सुकाणूसमोर लाकडी पेटीत होका होता. पितळी वाटी, तीत स्पिरिट घातलेलं पाणी, त्यात तरंगणारी तबकडी. मचवा कितीही डोलला तरी वाटी सपाट राहावी म्हणून ती दोन कड्यांत टांगलेली. मचवा वळला की तबकडी फिरते असं मला वाटे. अब्बा म्हणाले, “ती आहे तिथंच आहे रे. फिरतो तो आपण.”

दुसऱ्या रात्री सुकाणूवर एक वयस्कर चाचा होते. मी त्यांच्याजवळ बसून ट्रान्झिस्टरवर गाणी ऐकत होतो. हात अवघडला तसा मी ट्रान्झिस्टर होक्याच्या पेटीला टेकवून ठेवला. चाचांनी पाहिलं, पण पोराला कशाला बोला, म्हणून गप्प राहिले असावेत. गाणी संपली, मी रेडिओ बंद केला आणि तिथेच आडवा झालो. रेडिओ बंद झाला, तरी स्पीकरमधला लोहचुंबक कुठे बंद होतो?

अब्बांच्या आवाजाने जाग आली. जयगडहून मुंबईला जाताना तोंड उत्तरेला आणि किंचित पश्चिमेकडे ठेवावं लागतं. म्हणजे ध्रुव नाळेच्या जरासा उजव्या अंगाला दिसायला हवा. मे महिन्याच्या धुरकट हवेत तो मंद दिसत होता, पण दिसत होता डाव्या अंगाला. होका मात्र सगळं ठीक असल्याचं सांगत होता. अब्बांनी वाकून पाहिलं, ट्रान्झिस्टर उचलला, आणि तबकडी सावकाश डुलत आपल्या जागी आली. आम्ही किनाऱ्याकडे ओढले जात होतो. पुढे रेवदंड्यासमोर चौल-कादूचा खडक आहे.

“हे कुणी ठेवलं?” अब्बांनी विचारलं. चाचा बोलले नाहीत. मी डोळे मिटून पडून राहिलो. त्यानंतर मुंबईपर्यंत अब्बांनी चाचांना सुकाणू दिलं नाही. जुन्या खलाशाला याहून मोठा अपमान नसतो.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, यामागचं शास्त्र पुढे हौसेने वाचलं. होक्याच्या चुका दोन तऱ्हेच्या. पहिली बोटीवरच्या लोखंडाची. इंजिन एका जागी बसवलेलं असतं. त्याची ओढ किती, हे तांडेल ताऱ्यावरून किंवा किनाऱ्यावरच्या खुणांवरून ताडून ठेवतो. घात करते ती कुणी नकळत ठेवलेली वस्तू, मग तो कोयता असो की रेडिओ. दुसरी चूक पृथ्वीचीच. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर एक नव्हेत. आपल्या कोकणपट्टीवर हा फरक एका अंशाहूनही कमी, म्हणून आमच्या तांडेलांचं त्याच्यावाचून अडलं नाही. इतरत्र तो दहा-वीस अंशांवरही जातो. म्हणून सागरी नकाशावर छापलेल्या दिशाचक्रात हा फरक, तो कोणत्या सालचा आणि दरवर्षी किती बदलतो, हे लिहिलेलं असतं. नकाशा जुना असेल तर बेरीज-वजाबाकी करूनच सुकाणू धरायचं.

कारण चुंबकीय ध्रुव चालता आहे. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांनी तो कॅनडाच्या उत्तर टोकाला शोधला. तिथून तो सायबेरियाच्या दिशेने निघाला. एका काळात वर्षाला पन्नासहून अधिक किलोमीटर सरकत होता. ठरल्या मुदतीआधीच, २०१९ च्या सुरुवातीला, जागतिक चुंबकीय प्रारूप सुधारावं लागलं. आता त्याचा वेग मंदावला आहे. आणि आम्ही कवी ज्याला अढळ म्हणतो तो ध्रुवताराही नेमक्या ध्रुवावर नाही. अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच बाजूला आहे. अब्बांना तेवढा पुरला.

ही चाल टिपण्याचं काम मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून होत होतं. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने वेधशाळेतल्या नाजूक सुया थरथरल्या असत्या. मी ट्रान्झिस्टरने केलं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. तेव्हा संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली, चुंबकत्व नसलेला दगड वापरून. दोन वर्षं दोन्हीकडच्या नोंदी बरोबरीने घेतल्या आणि मग कुलाब्याच्या थांबवल्या. अलिबागचं काम आजही चालू आहे. मुंबईच्या वाटेवर आम्ही त्याच किनाऱ्यासमोरून गेलो होतो; मला तेव्हा पत्ता नव्हता.

आता होड्यांवर जीपीएस असतं. पण होडी जागच्या जागी थांबली की साधं जीपीएस तिचं तोंड कुठे आहे ते सांगू शकत नाही, आणि बॅटरी संपली की काहीच सांगत नाही. होक्याला बॅटरी लागत नाही.

अब्बांना मी खरं सांगितलं नाही. ते गेल्यावर चाचांकडे गेलो. तेव्हा त्यांना दिसायचं कमी झालं होतं. मी म्हटलं, “चाचा, तो रेडिओ मी ठेवला होता.” ते म्हणाले, “मी बघितलं होतं की. पण होका माझ्यापुढं होता.” मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.