पुढचा पाऊस, पुढचे बोंड

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



रोहिणी लागायला थोडेच दिवस उरले आहेत. वखराच्या पाळ्या झाल्या, धसकटे वेचून झाली, बियाण्याच्या दुकानांपुढे पाट्या लागल्या. वर्षातला हा एकच काळ असा की शेतकऱ्याच्या घरातला कर्जाचा आकडा तोच असतो, पण बोलणे मात्र पुढचे असते. तेव्हा आज मी उत्पादन खर्चाचे गणित मांडणार नाही. ते तुम्हाला पाठ आहे. माझ्यापेक्षा चांगले पाठ आहे, कारण फेडायचे तुम्हाला असते. आज पुढे काय येते आहे आणि त्याच्याकडे कसे पाहायचे, एवढेच बोलतो.

गावोगाव हिंडताना एक वाक्य फार ऐकू येते. "आता काय रायलं भाऊ शेतीत?" साठीचा म्हातारा हे म्हणतो तेव्हा मी मनावर घेत नाही. तो असे म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बैल घेऊन वावरात जातो. पण बावीस वर्षांचा पोरगा तेच वाक्य म्हणतो तेव्हा काळजात धस्स होते. तो खोटे बोलत नसतो. त्याने २०१७ ची गुलाबी बोंडअळी पाहिली, सोयाबीन भिजून काळे पडलेले पाहिले, बापाला सोसायटीच्या दारात ताटकळताना पाहिले. त्याने पुढे पाहणेच सोडले. ज्या घरात पुढे पाहणे थांबते त्या घरात पुढे काय होते, हे विदर्भ-मराठवाड्यात मी वेगळे सांगायची गरज नाही.

पुढारी येतात आणि सांगतात, धीर धरा. धीर धरणे म्हणजे पडेल ते सोसणे. तो तर आपण पिढ्यान् पिढ्या धरलाच आहे. मी म्हणतो ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुमच्याकडे आधीपासून आहे. पेरणी झाल्यावर चौथ्या दिवशी तासावर उकिडवे बसून, मातीचा पापुद्रा बोटाने उचलून कोंब पाहत नाही असा एक शेतकरी मला दाखवा. त्याने वाकून पाहिल्याने कोंब लवकर निघत नाही, हे त्याला कळते. तरी तो पाहतो. चाळीस वर्षे पेरणी केलेला माणूसही पाहतो. ही जी उत्सुकता आहे, तिच्यावर माझे आजचे बोलणे आहे.

कोणी म्हणेल, शेती म्हणजे जुगार, त्यात उत्सुकता कसली? मला ही म्हण मान्य नाही. मटक्याचा आकडा काल काय निघाला यावरून उद्याचा सांगता येत नाही. शेतीचे तसे नाही. आभाळ, माती, झाड यांचे नियम असतात आणि ते माणसाला हळूहळू कळत जातात. किती हळू कळतात, त्याची एक गोष्ट सांगतो.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ. पाऊस गेला, माणसे लाखांनी मेली. त्याच्या आगेमागेच, १८७५ साली, हिंदुस्थानात हवामान खाते सुरू झाले होते. ब्लॅनफर्ड नावाच्या त्यांच्या प्रमुखाने पाहिले की हिमालयात बर्फ जास्त पडला तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो. त्यावरून १८८६ साली पावसाचा पहिला रीतसर अंदाज निघाला. पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती येथे प्रमुख म्हणून आला. तो हवामानाचा माणूस नव्हे, गणिताचा. त्याने जगभरचे हवेच्या दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे मागवले आणि कारकुनांकडून वर्षानुवर्षे त्यांची गणिते करून घेतली. आज हातातल्या मोबाइलवर क्षणात होईल ते काम तेव्हा खोल्या भरून माणसे करत होती. त्याला पाहिजे होते ते पूर्ण मिळाले नाही, म्हणजे आपला दुष्काळ आधी सांगता आला नाही. पण भलतीच एक गोष्ट हाती लागली. प्रशांत महासागराच्या एका टोकाला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो, आणि उलटही होते. तराजूची पारडी वरखाली व्हावीत तसे. त्याच्यानंतर पुन्हा कितीतरी वर्षांनी, १९६९ च्या सुमारास, ब्येर्कनेस या शास्त्रज्ञाने ही पारडी आणि पेरू देशाच्या किनाऱ्यावरचे गरम पाणी यांची गाठ घालून दिली. पेरूचे कोळी त्या गरम पाण्याला एल निनो म्हणत, कारण ते नाताळच्या सुमारास यायचे. एल निनो म्हणजे बाळ येशू.

आता विचार करा. आपल्या वावरातल्या पऱ्हाटीला ऑगस्टात पाणी मिळणार की नाही, याचा धागा जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका कोळ्याच्या होडीखालच्या पाण्यापर्यंत जातो. आपल्या आज्याला हे माहीत नव्हते. आपल्याला माहीत आहे. मला तरी यात नवल वाटते.

हे सगळे सरळ रेषेत झाले असे मात्र समजू नका. १९८८ पासून वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने सोळा घटकांवरचा अंदाज सुरू झाला. काही वर्षे तो चांगला चालला. मग २००२ आले. अंदाज सर्वसाधारण पावसाचा, आणि जुलैतला जवळपास निम्मा पाऊस पडलाच नाही. देशाचा हंगाम १९ टक्के तुटीत गेला. त्याआधी १९९७ साली एल निनो जबरदस्त होता, सगळे घाबरले होते, आणि पाऊस सरासरीइतका पडला. म्हणून जो कोणी एल निनो हा शब्द ऐकल्याबरोबर छाती बडवतो त्याचे ऐकू नका, आणि जो म्हणतो हवामान खाते म्हणजे थापा, त्याचेही ऐकू नका. खात्याच्या नावाने विनोद करायचे दिवस गेले. जवळच्या दिवसांचा अंदाज जगभर सुधारत गेला आहे, दर दहा वर्षांमागे सुमारे एकेक दिवस पुढचे दिसू लागले आहे.

२०२५ चे उदाहरण ताजे आहे. मोसमी पाऊस केरळात २४ मे ला आला, मुंबईत २६ मे ला. इतक्या लवकर आला की लोकांनी रोहिणीतच तिफनी काढल्या. आणि मग पाऊस जागेवर थबकला, जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. ज्यांनी पहिल्या पावसावर सरकी टोबली त्यांच्यातल्या अनेकांवर दुबार पेरणी आली. त्याच हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर संदेश पाठवले होते, मराठीतूनही. संगणकाला जुन्या हवामानाचे आकडे शिकवून काढलेला तो अंदाज होता, आणि पाऊस येऊन थांबेल ही सूचना त्यात आधीच होती. किती जणांनी वाचली? बँकेचा आणि जाहिरातीचा संदेश समजून किती जणांनी पुसून टाकली? हात वर करायला सांगत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या वावरातून वाहिल्या आणि माती खरडून नेली. अंदाज कळला म्हणून पूर थांबत नाही. पण तिफन कधी काढायची हे आपल्या हातात असते. कृषी विद्यापीठे सांगतात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू कापूस लावू नका. तो आकडा मोजायला प्लास्टिकचे पर्जन्यमापक पुरते, आणि ते गावात एक तरी असावे. शेजाऱ्याने पेरले म्हणून पेरणे, हा आपला सर्वात महागडा खर्च आहे आणि तो कोणत्याच उत्पादन खर्चात धरला जात नाही.

आता आभाळातून खाली या, पऱ्हाटीकडे. तुमच्यातल्या बायांनी आयुष्यभरात किती कापूस वेचला असेल त्याचा हिशेब नाही. पण त्या बोंडात काय घडते हे आम्हाला कॉलेजात शिकवले आणि तुम्हाला कोणी सांगितले नाही. कापसाचा एक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. एकच! ज्या दिवशी फूल उमलते त्याच दिवसापासून ती लांब होऊ लागते. फूल पहिल्या दिवशी पांढरे-पिवळे, दुसऱ्या दिवशी गुलाबी, आणि त्याच्या तळाशी बारीकशा बोंडात हजारो पेशी ताणत निघालेल्या. साधारण तीन आठवडे त्या नुसत्या लांब होतात. त्यानंतर आतून थरावर थर चढतात आणि धाग्याला मजबुती येते. बोंड फुटले की आतला ओलावा उडतो, गोल नळी चपटी होते आणि पीळ खाते. त्या पिळामुळेच एक धागा दुसऱ्याला धरतो आणि सूत निघते. पीळ पडला नसता तर जगात कोणाच्या अंगावर सुती कापड नसते. लांब होण्याच्या त्या तीन आठवड्यांत पाण्याचा ताण बसला तर धागा आखूड राहतो. ग्रेडर "आखूड आहे" म्हणून भाव पाडतो, तेव्हा तो ऑगस्ट-सप्टेंबरातल्या त्या उघडिपीचा भाव पाडत असतो.

ज्वारीचे नवल याहून वेगळे आहे. पाण्याचा ताण पडला की ज्वारी पान गुंडाळते, वाढ थांबवते आणि थांबून राहते. पाऊस आला की पुन्हा चालू. मका असे करू शकत नाही, तो वाळून जातो. ज्वारीला वाट पाहता येते. मोहोळच्या संशोधन केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडलेली मालदांडी ३५-१ ही १९३० च्या दशकातली जात अजून रब्बीत पेरली जाते. काही वाणांची पाने दाणा भरून झाला तरी हिरवी राहतात. तो गुण कोणत्या जनुकांत आहे याचा शोध चालू आहे. २००९ साली ज्वारीच्या जनुकांचा सगळा पट वाचून झाला. म्हणजे वाट पाहायचे जे कसब ज्वारीला आहे, ते उद्या आणखी चांगल्या जातीत बसवता येईल. कडबाही मिळेल. आपण ज्वारी सोडून सोयाबीनमागे धावलो त्यात बाजाराचा दोष आहे, ज्वारीचा नाही.

शास्त्रात "हे होणार नाही" असे म्हणणारे नेहमीच असतात. संकरित कापूस शेतावर परवडणार नाही, कारण एकेक फुलाचे पुंकेसर हाताने काढून दुसऱ्याचे पराग लावावे लागतील, असे जगभर मानत. १९७० साली सुरतच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेलांनी एच-४ काढला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. संध्याकाळी कळी सोलायची, सकाळी पराग लावायचा. हे काम मशीनने नव्हे, आपल्याकडच्या बायांच्या बोटांनी केले. पुढे २००२ साली बीटी आली, तिने काही वर्षे बोंडअळीचा फवारा वाचवला, आणि मग गुलाबी अळीने तिच्यावरही मात केली. पुढचे बियाणे येईल, त्यावरही अळी येईल. ही शर्यत संपणारी नाही. म्हणून अळीच्याही पुढे पाहायचे. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन दिवस रोज सापळ्यात आठ नर पतंग दिसले की समजायचे, वेळ आली. डोमकळी दिसली तर तोडून नष्ट करायची. बोंड फोडून अळी पाहण्यापर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

एवढे सगळे कळू लागले. समुद्राचे कळते, पतंगाचे कळते. एकाच गोष्टीचा अंदाज लागत नाही, ती म्हणजे दिल्ली. २०२५ च्या हंगामात कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाला. त्याच्यावर भरवसा ठेवून पेरणी झाली. झाडाला पात्या-फुले लागलेली असताना १९ ऑगस्टला आयात कापसावरचा ११ टक्के कर उठवला, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग दहा दिवसांच्या आत ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येईपर्यंत आणि आल्यावरही. सोयाबीनचा वायदेबाजार डिसेंबर २०२१ मध्ये बंद केला आणि मुदत वाढवत नेली. वायदेबाजार म्हणजे सट्टा, असे सांगतात. अरे, पुढच्या चार महिन्यांनी काय भाव दिसतो आहे हे पाहण्याची शेतकऱ्याची तेवढीच एक खिडकी होती! वाऱ्याला कळत नाही आपण कोणाचे घर उडवतो, ते समजू शकतो. पण हंगामाच्या मध्यावर सही करणाऱ्याला कळते. आपली मागणी साधी आहे: पेरणीच्या आधी जे धोरण असेल ते वेचणी संपेपर्यंत बदलू नका. ठराव मांडायचा आहे तो हाच, आणि दुपारी त्यावर बोलायला पोरांनी उभे राहावे, म्हाताऱ्यांनी नव्हे.

शेवटी एक काम. घरी गेल्यावर ठेवणीतल्या ज्वारीचे, सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घ्या. निवडून चांगले घेऊ नका, जसे येतील तसे. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा रांगा मांडा, वरून दुसरे गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. ज्वारीची पहिली मोजणी चौथ्या दिवशी, सोयाबीनची पाचव्या. ज्वारीचे पंच्याहत्तर आणि सोयाबीनचे सत्तर कोंब निघाले तर बियाणे पेरायजोगे. कमी निघाले तर बियाण्याचे प्रमाण वाढवा, फारच कमी असतील तर बदला. अजून वेळ आहे. मोजणी घरातल्या लेकराला करू द्या. पुढच्या रविवारी तालुक्याच्या बैठकीला येताना त्याच्या हातचा आकडा कागदावर लिहून आणा, गावाचे नाव वर, बियाणे कोणते ते खाली. आपण सगळे आकडे फळ्यावर मांडू.