प्रश्न विचारणाऱ्या शेजाऱ्यासाठी



गुड फ्रायडेच्या सकाळी आपल्या ख्रिस्ती समाजातल्या अनेकांच्या मोबाइलवर ‘हॅपी गुड फ्रायडे’ असा संदेश येतो. पाठवणारा आपला वर्गमित्र असतो, इमारतीतला शेजारी असतो, विरार लोकलमधला रोजचा सोबती असतो. त्याच्या मनात आपल्याविषयी प्रेमच असते. हा दिवस येशूच्या मरणाचा आहे, उपवासाचा आहे, त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सासुद्धा होत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. मी त्याला दोष देत नाही. त्याला सांगायचे कुणी? आपणच ना?

ख्रिस्ती धर्मग्रंथ आणि ख्रिस्ती श्रद्धा यांविषयी मराठी समाजात जे गैरसमज आहेत, त्यांतले कितीतरी आपण मराठीत पुरेसे आणि सोपे लिहिले नाही म्हणून टिकून आहेत. आणि त्यांतले काही तर आपल्याच घरांत, देव्हाऱ्याखाली वाढले आहेत. आज या अध्यक्षपदावरून मला वसई-विरारच्या लेखक-वाचकांशी बोलायचे आहे ते एवढ्याचविषयी.

पहिला गैरसमज आपल्या मुळांविषयीचा. ख्रिस्ती धर्म फिरंग्यांनी आणला, असे सरसकट बोलले जाते. पोर्तुगीजांच्या हाती वसई आली १५३४ साली. पण सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ नावाच्या बंदरात बिशप असल्याचे लिहून ठेवतो, आणि हे बंदर म्हणजे आपले कल्याण असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ साली जॉर्डनस हा डोमिनिकन धर्मगुरू या किनाऱ्यावर होता. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन पंथाची ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. त्याच ठाण्यात मारल्या गेलेल्या आपल्या फ्रान्सिस्कन सोबत्यांचे देह जॉर्डनसने सोपाऱ्याला आणून पुरले. ज्या सोपाऱ्यात सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला, ज्या सोपाऱ्यात बौद्ध स्तूप आहे, तेच हे सोपारे. पोर्तुगीज राजवटीत धर्मांतरासाठी दडपण आले, आमिषे दाखवली गेली, हे सत्य आहे आणि आपण ते लपवू नये. मात्र १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीज सत्ता गेली, आणि तरीही इथला ख्रिस्ती माणूस ख्रिस्तीच राहिला, हेही तितकेच सत्य आहे. त्याच्या मागे तेव्हा कोणतेही राज्य नव्हते. सामवेदी असो, वाडवळ असो, ईस्ट इंडियन असो, त्याची श्रद्धा त्याची स्वतःची झाली होती.

आता घरात येऊ. आपल्या आजी-आजोबांची श्रद्धा अढळ होती, पण त्यांनी मिस्सा ऐकली ती लॅटिनमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या सुमारास, आपली उपासना मराठीत आली. त्याच परिषदेने सामान्य श्रद्धावंताला बायबल वाचण्याचा आग्रह केला. तोवर ज्यांनी ग्रंथ हाती धरला नव्हता, त्यांच्यापर्यंत तो चित्रांतून, नाटकांतून आणि नाताळच्या गोठ्यातून पोहोचला. चित्र सुंदर असते, पण ते स्वतःची भर घालते. एदेन बागेतले फळ सफरचंद होते, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगत नाही. दमास्कसच्या वाटेवर पौल घोड्यावरून पडला, असे प्रेषितांची कृत्ये सांगत नाहीत. तिथे घोडाच नाही. पूर्वेकडून आलेले मागी लोक तीन होते, राजे होते, हे मत्तयाने लिहिलेले नाही. २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात नाही. ती रोममध्ये चौथ्या शतकात नोंदलेली आढळते. यांपैकी कशानेही श्रद्धेला धक्का लागत नाही. आपल्या गावांतले गोठे तसेच सजावेत, तिन्ही राजे त्यात जरूर असावेत.

पण काही गैरसमज इतके निरुपद्रवी नसतात. मग्दालिया मरियाचे काय केले आपण? पिढ्यान्‌पिढ्या ती ‘पतित स्त्री’ म्हणून ओळखली गेली. शुभवर्तमानात असे एकही वाक्य नाही. लूक सांगतो की येशूने तिला सात दुष्टात्म्यांपासून मुक्त केले, आणि आपल्याजवळचे द्रव्य खर्चून येशूची व शिष्यांची सेवा करणाऱ्या स्त्रियांत ती होती. क्रूसाजवळ ती उभी होती. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू सर्वांत आधी भेटला तो तिला. सन ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तीन वेगवेगळ्या स्त्रियांना एकच ठरवले आणि तो कलंक तिला चिकटला. कॅथलिक दिनदर्शिकेने १९६९ मध्ये ती सरमिसळ दूर केली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. एका साक्षीदार स्त्रीची बदनामी चौदाशे वर्षे चालली, याची आपल्या कथा-कादंबऱ्यांनी, आपल्या एकांकिकांनी दखल घ्यायला नको का?

त्याहून गंभीर गोष्ट उपवासकाळातील येशूच्या दुःखसहनाच्या नाटकांची. ‘यहुद्यांनी येशूला मारले’ हे वाक्य आपण सहज बोलतो, लिहितो, मुलांना शिकवतो. क्रूसाची शिक्षा रोमन होती आणि ती दिली रोमन सुभेदार पिलाताने. येशू स्वतः यहुदी, मरिया यहुदी, बारा प्रेषित यहुदी. या एका वाक्याने युरोपात शतकानुशतके किती रक्त सांडले, हे वाचताना मन सुन्न होते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितले की येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या साऱ्या यहुद्यांवर आणि आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही. आपल्या कोकणात तर बेने इस्रायल कुटुंबे शतकानुशतके मराठी बोलत राहिली. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायची म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. ठाण्यात आजही त्यांचे सिनेगॉग आहे. अशा शेजाऱ्याच्या कानावर आपल्या नाटकातला संवाद पडला, तर त्याला काय वाटेल? नाटककारांनो, पुढच्या संहितेतून ते वाक्य काढा. ही विनंती नाही, अध्यक्ष म्हणून माझे स्पष्ट मत आहे.

बाहेरून सर्वाधिक ऐकू येणारा शेरा कन्फेशनविषयी, म्हणजे पापनिवेदनाविषयी, असतो. ‘तुमचे बरे आहे, वाटेल ते करा आणि फादरच्या कानात सांगा, झाले मोकळे!’ हे चूक आहे, पण ही समजूत पसरली त्याला आपले वागणेही कारणीभूत आहे. पापनिवेदनात नुसते सांगणे पुरत नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा आणि ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई हवी. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय आठवा. येशू घरी आला तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत करण्याचा शब्द दिला. वसईत आज जमिनीला सोन्याचा भाव आहे. बहिणीचे नाव सातबाऱ्यावरून गुपचूप उतरवायचे, पाण्याचे बावखल बुजवून प्लॉट पाडायचा आणि ईस्टरआधी रांगेत उभे राहून निवेदन करायचे, हे चालणार नाही. बहिणीचा हिस्सा परत केल्याशिवाय ते निवेदन अपुरेच. हे आपल्या गावांत ठणकावून कुणी लिहिले, तर बाहेरचा शेरा आपोआप विरेल.

पोप कधीच चुकत नाहीत, असे कॅथलिक मानतात, हा आणखी एक समज. पोपच्या अचूकतेच्या १८७० च्या सिद्धांताची व्याप्ती फार मर्यादित आहे: श्रद्धा आणि नीतीविषयी, साऱ्या चर्चसाठी, अंतिम म्हणून केलेली घोषणा. त्यानंतर पोपने तो अधिकार स्पष्टपणे वापरला तो एकदाच, १९५० मध्ये, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाविषयी. पोपसुद्धा पापनिवेदन करतात. ज्याला आपण पहिला पोप मानतो त्या पेत्रानेच येशूला तीनदा नाकारले होते, आणि शुभवर्तमानाने ते झाकून ठेवले नाही.

मरियामातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण ८ डिसेंबरला येतो. तो येशूच्या जन्माविषयी आहे, असे आपल्यातलेच कितीतरी लोक समजतात. तो मरिया स्वतः आपल्या आईच्या उदरी आली तेव्हाचा, तिला मूळ पापाचा स्पर्श नसल्याचा. आणि मरियेला आपण देव मानत नाही. तिच्याकडे आपण प्रार्थनेची सोबत मागतो.

मित्रहो, वसई आता बदलली आहे. पूर्वी निर्मळच्या यात्रेला आपण जात होतो आणि आपल्या फेस्ताला हिंदू शेजारी येत होते. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा सण ठाऊक होता. आता टॉवर उभे राहिले, राज्याराज्यांतून माणसे आली, आणि त्यांना आपली ओळख होते ती मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून. ‘घरात बायबल ठेवले म्हणजे धर्मांतर’ अशी भीतीही त्यातूनच येते. २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले, तेव्हाही त्यांच्या धर्मावरून विरोधाचे सूर उठले. अशा वेळी विनोबांची आठवण होते. गागोद्याच्या या माणसाने बायबलचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यातून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ सिद्ध केले. ते हिंदूच राहिले आणि येशूचे प्रेमीही राहिले. श्रद्धेची सक्ती करता येत नाही, हे चर्चने १९६५ मध्ये लेखी जाहीर केले आहे. हे शेजाऱ्याने न विचारताही आपण त्याला सांगायला हवे.

आपला वारसा अशा सांगण्याचाच आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि त्यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले. त्यात श्रोते पाद्री-गुरूला प्रश्न विचारतात आणि गुरू न रागावता उत्तर देतो. चारशे वर्षांपूर्वी त्यांना कळले होते की प्रश्नाला जागा दिल्याशिवाय पुराण रुजत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. त्या १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. मुक्ती सदनातल्या स्त्रियांनी त्याची छपाई केली. फादर दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले, पण त्यांचा ग्रंथ तुमच्या-माझ्या घरात आहे. तो उघडला जातो का, हे ज्याने त्याने पाहावे.

जाता जाता लेखकांकडे आणि संपादकांकडे माझे एक मागणे आहे. पुढच्या नाताळ विशेषांकात काही पाने ख्रिस्ती नसलेल्या वाचकांच्या प्रश्नांसाठी ठेवा. प्रश्न टोचणारे असले तरी कापू नका. उत्तरे धर्मगुरूंनी लिहावीत, शिक्षकांनी लिहावीत, आणि घरात मुलांना बायबल वाचून दाखवणाऱ्या आयांनीही लिहावीत. तो अंक आपल्या धर्मग्रामाबाहेर, वसई-विरारच्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या. प्रश्न गोळा करण्याचे काम आज, इथल्या मंडपातूनच सुरू करा.