मनातील कप्पे



पुणतांबे हे चांगदेवांच्या समाधीचे गाव. वयोवृद्ध योग्याने कोवळ्या मुक्ताबाईला गुरू मानले, ही वारकरी परंपरेतील कथा येथे सर्वांस ठाऊक आहे. तरीही या समाधीपुढे मस्तक टेकवणारा एखादा गृहस्थ घरी परतल्यावर जमिनीच्या व्यवहारात पत्नीचे मत विचारीत नाही. आपण त्याला चटकन ढोंगी म्हणतो. माझ्या मते हे निदान चुकीचे आहे.

ढोंगी मनुष्य आपली विसंगती इतरांपासून लपवतो. हा गृहस्थ ती स्वतःपासूनच लपवतो. त्याच्या मनाच्या एका कप्प्यात मुक्ताबाई आहे, दुसऱ्यात सातबारा. दोहोंची गाठ पडली तर यातना होतील, म्हणून मनच मधले दार लावून घेते. मानसशास्त्र यास मनाची संरक्षण-यंत्रणा मानते. प्रत्येक कप्प्यात तो प्रामाणिकच असतो. त्यामुळे उपदेश त्याला पटतो, आणि पटलेला उपदेश तो भक्तीच्या कप्प्यात ठेवून देतो.

चळवळीही यातून सुटलेल्या नाहीत. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची ठिणगी याच गावात पडली. उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव ही त्यातील एक प्रमुख मागणी, आणि ती न्याय्यच होती. खर्च मांडताना कुटुंबाच्या श्रमांचे मोल धरा, असे आपण सरकारला सांगतो. ते श्रम कोणाचे? निंदणी, खुरपणी, वेचणी बहुतांशी स्त्रियाच करतात. सरकारदरबारी त्यांच्या घामाचे मोल मागणारे आपण उताऱ्यावर त्यांचे नाव लावण्याची वेळ आली की गप्प होतो. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, तरी मजूर बाईच्या हातावर पुरुषापेक्षा कमी रोज ठेवतो.

हे दार उघडता येते. शरद जोशींच्या अर्थविचाराशी आपले मतभेद आहेत. परंतु त्यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिलांचे अधिवेशन भरवले, आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. भावासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यालाच त्यांनी घरातला हिशेब विचारला.

भावाची सभा वेगळी आणि महिला मेळावा वेगळा, ही आपली रीतही कप्पेच पाडते. ज्या सभेत हमीभावाचा ठराव होईल त्याच सभेत, त्याच लोकांपुढे, मजुरीचा आणि सातबाऱ्याचा प्रश्न मांडा. सभेत चुळबुळ होईल, होऊ द्या. मात्र प्रश्न विचारण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरचा उतारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत ते पाहावे.