नवा विद्यार्थी आणि नवें ग्रंथालय

पावसाळा सुरू होतो आणि पुण्यांतील अनेक घरांत कोणी मुलगा, कोणी मुलगी पदवी पदरांत पाडून पुढील अभ्यासाच्या तयारीला लागते. पहिला खर्च होतो तो संगणकाचा. वडील मंडळींना त्याचें कौतुक वाटतें. त्यांच्या काळीं ज्या संदर्भासाठीं ग्रंथालयांतील कार्डांच्या खणांपुढें अर्धा दिवस उभें राहावें लागे, तो आतां निमिषांत हातीं येतो. हें कौतुक रास्तच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या नियमांनंतर देशभरांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहांत जमा होऊं लागले आणि एरवीं कपाटांत पडून राहिलें असतें असें पुष्कळ संशोधन घरबसल्या वाचतां येऊं लागलें.

भीति आहे ती निराळीच. यंत्र जें दाखवीत नाहीं तें अस्तित्वांतच नाहीं, असें नवशिक्या अभ्यासकास वाटूं लागतें. समजा, एखाद्या विद्यार्थिनीनें १८९७ सालच्या पुण्यांतील प्लेग हा विषय घेतला. ती ‘प्लेग’ हा शब्द संगणकास देते. परंतु त्या काळच्या मराठींत या रोगास ‘ग्रंथिक सन्निपात’ असेंही म्हणत, आणि घरगुती बोलण्यांत तो ‘गांठीचा ताप’ होता. त्यांतून लेखनपद्धतीची अडचण आहेच. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. तेव्हां आजच्या पद्धतीनें ‘गाठ’ लिहून शोधणाऱ्यास जुन्या छापील पानावरील ‘गांठ’ सांपडेलच असें नाहीं. कित्येक जुनीं पुस्तकें तर संगणकावर केवळ चित्ररूपानें ठेवलेलीं असतात. त्यांतील एकही शब्द शोधास लागत नाहीं. याचा परिणाम असा कीं, प्रबंधांत एक वाक्य येतें : ‘या विषयावर समकालीन मराठी लेखन अत्यल्प आहे.’ पुढचा विद्यार्थी तें प्रमाण म्हणून उद्धृत करतो, आणि यंत्राच्या मौनाचा हां हां म्हणतां इतिहास बनतो!

ग्रंथालयाची नवी योजना मनांत घोळवीत शिकावयास निघालेला एक विद्यार्थी या संदर्भांत आठवतो. मद्रासचे गणिताचे अध्यापक शि. रा. रंगनाथन १९२४ सालीं तेथील विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षीं ग्रंथालयशास्त्र शिकण्यासाठीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत दाखल झाले. तेथील एका दुकानांत त्यांनीं मेकॅनो नांवाचें खेळणें पाहिलें. त्याच थोड्या पट्ट्या आणि तेच स्क्रू, पण जोडावें तसें निराळें यंत्र तयार होई. विषयांचेंही असेंच भाग पाडून जोडकाम करतां येईल, हें त्यांच्या ध्यानीं आलें, आणि १९३३ सालीं त्यांची कोलन वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध झाली. खेळणें पुष्कळांनीं पाहिलें होतें. रंगनाथनांच्या डोक्यांत मात्र वाचक होता, आणि तो कोणकोणत्या बाजूंनीं विषयाकडे येईल याचा विचार होता.

पुण्यांत अशा विचाराचा नमुना पाहावयाचा तर डेक्कन कॉलेजांत जावें. १९३४ सालीं बंद झालेलें हें महाविद्यालय १९३९ सालीं पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें, आणि १९४८ सालीं सु. मं. कत्रे यांच्या पुढाकारानें तेथें संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचें काम सुरू झालें. सुमारें १५०० ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटि चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, त्याचें अवतरण आणि ग्रंथांतील स्थळ. कोणता प्रयोग टिपावा हें वाचणाऱ्या पंडितानें ठरविलेलें असे. ती निवड यंत्राची नव्हती. पहिला खंड १९७६ सालीं निघाला. एका शब्दाच्या चिठ्ठ्या काळाच्या क्रमानें लावल्या कीं तोच शब्द शतकाशतकाला अर्थ कसा पालटतो, हें डोळ्यांसमोर दिसतें.

प्लेगचा अभ्यास करूं पाहणाऱ्या त्या विद्यार्थिनीनें हा चिठ्ठ्यांचा संग्रह एकदां पाहावा. घरीं परतल्यावर वहीचें पहिलें पान काढावें, ‘प्लेग’ शब्दाखालीं त्याचीं जुनीं नांवें त्यांच्या जुन्या लेखनासह एकाखालीं एक लिहावींत, आणि मग संगणक उघडावा.